कर्नाळ्याच्या वाटांचे आठ फोटो

आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिलाच. वडील मिठागरावर राबत. वसतिगृहात मला जागा मिळाली ती जंगलखात्यातल्या एका साहेबांच्या चिठ्ठीमुळे. निकाल लागल्यावर त्यांना पेढे न देता काही वेगळे द्यावे असे वाटले. कॉलेजच्या सरांकडून बॉक्स कॅमेरा मागून आणला आणि कर्नाळ्याच्या रानात, किल्ल्याखालच्या जुन्या पायवाटांचे फोटो काढायला गेलो.

वाट दाखवायला एक कातकरी काका आले. पनवेलात ते सुक्या लाकडांच्या मोळ्या विकत. आमच्या दारातही टाकत. वाटेला फाटा फुटला की ते हिरवी डहाळी मोडून ठेवत, शेंडा जायच्या बाजूला. मागून मोळ्या घेऊन येणाऱ्या बायकांना ती खूण.

झाडीत उजेड कमी. कॅमेरा दगडावर ठेवून मी श्वास रोखून धरायचो.

"वाट काय पळून जाते, मास्तर? श्वास घ्या," काका हसायचे. शिकलेल्या सगळ्यांनाच ते मास्तर म्हणत. "माजा बी एक काडा."

"रोलमध्ये आठच आहेत, काका. यात माणूस नको."

"मंग डहाळीचा काडा. ती तरी माजी हाय."

डहाळीचा काढला.

चित्राखाली ठिकाण आणि दिशा लिहायची, ही शाळेतली शिस्त. प्रत्येक फोटोमागे मी सुवाच्य अक्षरात सगळे लिहिले. डहाळी कशासाठी, तेही लिहिले. साहेबांनी पाठ थोपटली. "आमच्या माणसांना इतकी वर्षं ही वाट सापडत नव्हती," म्हणाले. मला ते कौतुक वाटले.

दिवाळीनंतर काका दारात आले ते रिकाम्या हातांनी. फाट्यावर जंगलखात्याचे शिपाई दबा धरून बसले होते. कोयता गेला, मोळ्या गेल्या, वाट काटेरी फांद्या टाकून बंद केली.

"त्यांना डहाळी कशी कळली?" त्यांनी विचारले.

मी खरे ते सांगितले.

"फोटूमागं लिवलंत?"

"लिहिलं."

"एवडं शिकून," ते म्हणाले, आणि उंबऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सायबाला सांगाल का? तुमचं ऐकतील."

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो. काही बोलायच्या आत त्यांनी नोकरीसाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी वाकून नमस्कार केला आणि चिठ्ठी घेऊन परत आलो.

त्या नोकरीतूनच मी निवृत्त झालो. काकांनी आमच्या दारात पुन्हा मोळी टाकली नाही.