भागोजीचा दुसरा पेला

पूर्णगडचा भागोजी खलाशी आडदांड गडी, पण बायको सगुणा नुसती खाकरली तरी त्याच्या हातातला पेला सांडायचा. पेल्यात काय असायचं ते विचारू नका. गावात माडांना तोटा नव्हता. म्हणून तर एकोणतीस साली तो आगबोटीवर निघाला तेव्हा सगुणाने त्याला देवीपुढे उभं करून वदवून घेतलं, "घरी येईपर्यंत दारूला शिवणार नाय. शिवलो तर आमची बोट परत आणू नको."

बोट फ्रान्सात बोर्दो शहरी लागली. बोटीवरचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, सुलेमान तिथे आधी दोनदा जाऊन आलेला. रविवारी त्याने भागोजीला शहर दाखवायला नेलं. आभाळात घुसलेला देवळाचा मनोरा, जुन्या वेशीवर टांगलेली हत्तीएवढी घंटा. भागोजीला वाटे, हे सगळं आता आपल्याच डोक्यावर येणार. त्याने सुलेमानच्या कोटाचं टोक घट्ट धरलं.

"सोड रे मेल्या! लगीन लागलंय काय आपलं?"

खानावळीत म्हातारीने शिंपल्यातली कालवं मांडली, तीही कच्ची.

"सुलेमानभाय, ही अजून जिती हायत!"

भीतीने घशाला कोरड पडलेली. समोर लालभडक पेला आला. कोकणातल्या माणसाला लाल म्हणजे कोकम. भागोजीने तो एका दमात रिकामा केला. कान तापले तेव्हा सुलेमान पोट धरून हसला, "द्राक्षाची दारू आहे रे! हिच्यासाठी लांबलांबून लोक इथे येतात."

भागोजीचं तोंड पांढरं पडलं. म्हातारीने पेला पुन्हा भरला. ते राहू दे, त्याचं मागाहून.

बोट निघाली आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी समुद्र उठला. लाटा डेकवरून जाऊ लागल्या. प्रत्येक धक्क्याला भागोजीला वाटे, ही लाट माझ्याच नावाची. बोटीवर चाळीस माणसं. सुलेमानच्या बायकोला, झुबेदाला, नुकतीच मुलगी झालेली. तिचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं. या सगळ्यांना आपण बुडवणार!

त्याने ट्रंकेतून घरचा नारळ काढला, सगळ्यांना जमवलं आणि गावच्या रीतीने देवीला गाऱ्हाणं घातलं, "म्हाराजा, कोकम समजून एक पेला प्यालो. चूक पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!" खलाशी ओरडले.

तेवढ्यात बोट अशी कलली की ट्रंका या भिंतीवरून त्या भिंतीवर गेल्या. खांबाला मिठी मारून लोंबणारा सुलेमान किंचाळला, "भागोज्या, एकच?"

भागोजीने डोळे मिटले.

"दोन, म्हाराजा! दुसरा ठाऊक असून प्यालो. आणि... ग्वाड लागला!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज सुलेमानचा.

नारळ फुटला. वादळ गाऱ्हाण्याने निवलं की आपल्या वेळेला, ते देवीला माहीत. बोट परत आली हे खरं.

पण चाळीस तोंडं. काही महिन्यांनी भागोजी पूर्णगडच्या वाळूत उतरला, त्याच्या आधीच बातमी उतरलेली. समोर सगुणा उभी.

नुसती खाकरली.