घुंडीचे लंगोट

भागूवहिनी कापड हातात आलं की आधी ते गालाला लावायच्या, मग एक कोपरा ओठांत धरायच्या आणि डोळे मिटून थोडा वेळ गप्प बसायच्या. जुन्या धोतराचा तुकडा असो की विटलेलं लुगडं, त्यांची रीत हीच. "कापडाला इचारावं लागतं," त्या म्हणायच्या. "ते बरोबर सांगतं, मी पानी सोडीन का नुसतं धरून बसंन."

त्यांना दिवस गेले होते आणि त्या लंगोटांसाठी कापड निवडत होत्या. बाळाला पहिली कापडं नवी घालायची नाहीत, भरलं आयुष्य जगलेल्या माणसांची जुनेरं मागून आणायची, हा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळे आमच्या सगळ्या नवाबपुरा मोहल्ल्यातून गाठोडी यायची आणि त्या एकेक तुकडा गालाला लावून वेगळा काढायच्या. आमच्या आईने दिलेलं धोतर त्यांनी परत केलं. "लई चांगलं हाय वो, पन जाड हाय. मला पिळवायचं नाय."

त्यांचा उजवा हात लहानपणच्या तापात वाळून गेला होता. तो नुसता खांद्यापासून लोंबायचा आणि त्या तो पदराखाली झाकून ठेवायच्या. बाकी सगळा संसार डाव्या हातावर.

आमच्या आणि त्यांच्या घराला अंगण एकच होतं. मधे जमिनीखालून येणाऱ्या नहरीच्या पाण्याचा हौद, आणि पलीकडच्या भिंतीत कधीकाळी घोडे बांधायची एक लोखंडी कडी. वडील सुभेदारीच्या कचेरीत होते आणि मी इंग्रजी शाळेत जात असे. घरी आले की मी पुस्तक घेऊन खिडकीत बसायची. बोलायला मला कधीच जमलं नाही. बघायला मात्र आवडायचं. वहिनींना ते कळत असे. "शालूबाई," त्या हौदापासून ओरडायच्या, "पुस्तकाचं पान कवाधरनं तेच हाय बरं का!" मी लाजून आत पळायची.

त्यांचे यजमान नारायणराव करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे जकात घेतात तिथे, शिपाई होते. स्वभावाने गरीब. त्यांना लहानाचं मोठं केलं ते त्यांच्या थोरल्या बहिणीने, अन्साबाईंनी. अन्साबाई वैजापूरकडे राहायच्या. विधवा, मूलबाळ नाही. वहिनींना दिवस गेल्याचं कळल्यावर त्या आल्या, ओटी भरली, आणि जाताना ओट्यावरच म्हणाल्या, "लेकरू दूध तुटंपर्यंत तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. मग मी नेते. एका हातानं तू काय काय करशील, भागू?" त्यात खोट नव्हती. खरंच काळजीने बोलल्या त्या. वहिनींनी मान खाली घातली. त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी लंगोट शिवायला काढले.

तिकोनी लंगोटाला नाड्या असतात आणि नाडी बांधायला दोन हात लागतात. वहिनी एक टोक दातांत धरायच्या आणि दुसरं बोटांनी ओवायच्या. सराव कशावर? तर दुधी भोपळ्यावर. पाय लांब करून बसायचं, भोपळा गुडघ्यांत धरायचा आणि त्याला लंगोट नेसवायचा. आम्ही हसायचो. "हसा," त्या म्हणायच्या. "भोपळा रडत नाय, तेवढाच फरक."

शाळेत आम्हाला शिवणाच्या तासाला बाळाचे चौकोनी रुमाल आणि सेफ्टी पिना दाखवल्या होत्या. मी धीर करून एक पिन त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती उघडली, मिटली आणि परत दिली. "पिन लावताना दुसरा हात मधे घालावा लागतो गं, लेकराच्या पोटाला टोचू नये म्हनून. तो कुठून आनू?"

वाट काढली ती समोरच्या रसूलबीने. तिचा नवरा शेरवान्या शिवायचा. एकदा वहिनींना सरावासाठी भिजवलेली गाठ दातांनी सोडताना पाहून ती म्हणाली, "अगे भागू, दातां पाड लेती क्या? साहबलोगांके शेरवानी को घुंडी रहती, तेरे राजा कू बी लगा!" कापडाची पट्टी वळून गाठ मारली की गोल घुंडी होते, समोर तिच्यासाठी दोऱ्याचा फास. वहिनींनी फास जरा मोठे ठेवायला लावले. तळहात बाळाच्या पोटावर ठेवायचा आणि अंगठ्याने घुंडी फासातून ढकलायची. भोपळ्यावर पहिल्यांदा जमलं त्या दिवशी त्यांनी सगळ्या अंगणाला गूळ वाटला.

सदू झाला. गोरा, गुटगुटीत, आणि भोपळ्यापेक्षा फारच चळवळ्या. वहिनी त्याला पायांवर घ्यायच्या, गुडघ्यांत अलगद धरायच्या आणि बघता बघता लंगोट बदलायच्या. आई एकदा मदतीला धावली तर म्हणाल्या, "नगं वो. तुमी केलं तर मला येतंय का नाय ते कसं समजंल?" धुतलेला लंगोट त्या भिंतीतल्या कडीत ओवायच्या आणि दोन्ही टोकं एका मुठीत धरून पिळत राहायच्या. पाणी भिंतीवरून ओघळायचं. "जाड कापड लेकराला बरं, मला अवघड. पातळ मला बरं, पन लेकरू घडीघडी भिजतंय. मग मी घडीघडी उठते. तेवढं चालतंय." बायका त्यांच्या हाताबद्दल हळहळल्या की त्या म्हणत, "हात दोन असत्यात, पन आई एकच लागती."

एक गोष्ट त्या कटाक्षाने पाळायच्या. दिवस मावळायच्या आत बाळाचं एकही कापड दोरीवर राहता कामा नये. तिन्हीसांजेला बाहेर राहिलेल्या कापडावरून बाधा होते असं सगळेच मानत. पातळ मलमलीचे त्यांचे लंगोट चारच्या सुमारालाच वाळून घरात गेलेले असत.

सदू धरून धरून उभा राहायला लागला. वहिनींचं दूध आटलं आणि तो गाईच्या दुधावर आला. पावसाळा सरत आला होता. अन्साबाई येणार असा निरोप आला. बारशाला त्यांनी स्वतः शिवून आणलेले लंगोट होते. दुहेरी मांजरपाटाचे, नाडीचे, जाडजूड. वहिनींनी ते जपून पेटीत ठेवले होते. वन्सं येणार म्हणून त्यांनी तेच बाहेर काढले आणि त्यांना बरं वाटावं म्हणून दिवसभर सदूला तेच नेसवले, दातांनी नाड्या ओढून. भिजेल तसे धुतले. कडीत घालून पिळले, पण पिळले जाईनात. आभाळ भरलेलं. संध्याकाळी अन्साबाई टांग्यातून उतरल्या तेव्हा दिवे लागले होते आणि दोरीवर लंगोट ठिबकत होते.

"लेकराचं कापड या येळंला भायेर?" त्या दारातच थांबल्या. "भागू, अगं काय केलंस हे!"

 वहिनींनी धावत जाऊन ओले लंगोट छातीशी गोळा केले.

सकाळी सदूचं अंग तापलं होतं. हकिमाच्या औषधाने तीन-चार दिवसांत ताप उतरला. दातही दिसायला लागले होते. आईने अन्साबाईंना तेवढं सांगून पाहिलं. "तुमी म्हनता ते खरं बी असंल," त्या म्हणाल्या, "पन माझ्या जिवाला आता घोर नगं. लेकरू मी नेते." नारायणराव चपला घालून नाक्यावर निघून गेले. जाताना "थोडे दिवस" असं काहीतरी पुटपुटले.

हौदावर रसूलबी वहिनींना हलक्या आवाजात रागावत होती. "बोल ना गे मुँह से! उनोच लाये सो लंगोटां थे बोल के!"

"तुमचेच लंगोट व्हते असं बोलले तर त्या रडतील," वहिनी म्हणाल्या. "लई हौसेनं शिवलेत गं त्यांनी."

पुढचं फार लिहीत नाही. सदू दिवाळीला दोन दिवस आला तेव्हा अन्साबाईंच्या पदराआड लपला आणि त्यांनाच आई म्हणाला. पुढच्या वर्षी हिवतापाने भागूवहिनी गेल्या. नारायणरावांनी घर सोडलं. मला मात्र आठवतो तो टांग्याचा दिवस.

टांगा फाटकाशी उभा होता. अन्साबाई बसल्या होत्या, मांडीवर सदू. टांगेवाला घाई करत होता, "चलो बाई, गाडी निकल जाती." तेवढ्यात सदू भिजला. अन्साबाई बोचकं सोडायला लागल्या तर वहिनी पुढे झाल्या. "द्या इकडं वन्सं. मी बदलते."

त्या ओट्यावर पाय लांब करून बसल्या. सदू हसत होता, लाथा मारत होता. त्यांनी त्याला गुडघ्यांत घेतलं. ओला लंगोट काढला, पुसलं, कोरडा मलमलीचा खाली सरकवला. तळहात पोटावर. अंगठ्याने एक घुंडी. मग दुसरी.  टांगेवालासुद्धा चाबूक खाली धरून बघत राहिला.

"बघा वन्सं," वहिनी म्हणाल्या, "व्हतंय."

अन्साबाईंनी डोळ्याला पदर लावला. "व्हतंय गं माय. लई नीट व्हतंय." आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

वहिनींनी सदूला त्यांच्या हातांत दिलं.

टांगा वळणाआड गेल्यावर त्या आत गेल्या नाहीत. ओट्यावर पडलेला ओला लंगोट त्यांनी उचलला, हौदावर धुतला, कडीत ओवून शेवटचा थेंब जाईपर्यंत पिळला आणि दोरीवर टाकला. ऊन चांगलं होतं. दिवस मावळायच्या कितीतरी आधी तो वाळला आणि त्यांनी तो घरात नेला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा तो पुन्हा धुऊन दोरीवर घातलेला होता.