सहावी ब, मी आणि अभ्यासकांचे मतभेद

सहलीचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. बुटात शिरलेल्या खड्यांसारखे ते घरी आल्यावरच सापडतात! कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालो. आता आमच्या नाशिकच्या कॉलनीजवळची शाळा लेणी-मंदिरं बघायला निघाली, की मी माहिती सांगायला जातो. पीएच.डी. आहे, पण समोर सहावी ब उभी राहिली की ती खरंच मिळाली होती ना, अशी शंका येते.

त्यात यंदा मुख्याध्यापिकांनी हसत हसत बजावलं, "सर, मुलं कंटाळली तर पुढच्या वर्षी सरळ वॉटर पार्क हं!" झालं, माझी झोप उडाली.

*

पांडवलेणीच्या पायऱ्या. मुलं जोडीजोडीने हात धरून चढत होती. एका चिमुरडीने माझा हात घट्ट धरला. मला भरून आलं. म्हटलं, "घाबरू नकोस बाळा, मी आहे."

"मी नाही घाबरत सर. बाईंनी मला तुमची ड्यूटी दिलीय. तुम्ही घसरलात तर मला ओरडा बसेल!"

*

वर लेण्यात एका मुलाने विचारलं, "सर, दगडात कोरताना चुकलं तर?"

इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. चाचरत म्हणालो, "बहुधा... नक्षीच थोडी बदलत असावेत."

"आमच्यासारखंच! चित्रात चुकलं की आम्ही तिथं झाड काढतो."

मग काय, अख्खा वर्ग चुका शोधत सुटला. "सर, इथं चुकलंय! इथं पण!" वर्गशिक्षिका गायकवाड बाईंनी कपाळाला हात लावला. "दोन हजार वर्षांचा गृहपाठ आज तपासला म्हणायचा!"

*

सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर. मी सुरुवात केली, "हे मंदिर बहुधा... म्हणजे काही अभ्यासकांच्या मते... अर्थात, मतभेद आहेत..."

पेन्सिली हवेतच थांबल्या. मागे उभ्या असलेल्या आमच्या बस ड्रायव्हर नामदेवभाऊंना राहवेना. "पोरांनो, लय जुनं हाय. लिहा!"

पुढच्या आठवड्यात सहलीच्या वह्या माझ्याकडे तपासायला आल्या. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच: "मंदिर लय जुनं हाय." एकीने खाली टीप दिली होती: "पण सरांचे मतभेद आहेत."

*

यंदाची शेवटची सहल, जुन्या नाण्यांचं संग्रहालय. दारातच बाई कडाडल्या, "हाताची घडी, तोंडावर बोट!" आणि एका मुलीला उलटी झाली म्हणून तिला घेऊन बसकडे गेल्या.

मी सातवाहनांपासून सुरू केलं. प्रश्न विचारला. शांतता. विनोद केला. शांतता. "कुणाला शंका?" सगळे नुसते टक लावून बघतायत! डोळ्यांसमोर वॉटर पार्कच्या घसरगुंड्या दिसायला लागल्या.

वीस मिनिटांनी बाई आल्या. मी हळूच म्हटलं, "बाई, मुलं पार कंटाळलीत हो. मुख्याध्यापिकांना सांगा, पुढच्या वर्षी मी..."

बाईंनी मुलांकडे पाहिलं. "अगं बाई! अरे, काढा ती बोटं!"

असे काही प्रश्न उसळले म्हणता! "सर, राजाचं नाक खरंच एवढं मोठं होतं?" "सर, खोटं नाणं कसं ओळखायचं?" "सर, आधी माझा प्रश्न!" संग्रहालयाचा रखवालदार धावत आला. "बाई, पाया पडतो, बोटं परत ठेवायला सांगा!"

बोटं परत तोंडावर गेली. पुन्हा चिडीचूप.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एकीने आपलं बोट जरासं बाजूला केलं आणि कुजबुजली, "सर, तो मघाचा जोक परत सांगा ना. तेव्हा हसता आलं नव्हतं!"