तुराट्यांचा कोळसा आणि वळसंगची मंडळी

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. अंगावरचा कोळसा साबणाने जातो, हे मात्र चिकटून राहतात आणि चार मित्र चहाला बसले की आपोआप सुटायला लागतात.

माझं काम सोलापूरजवळच्या वळसंग गावात, एका संस्थेसाठी. तूर काढली की उरलेल्या तुराट्या लोक बांधावर पेटवून देतात. आम्ही त्या भट्टीत अर्धवट जाळतो, कोळसा झाला की विझवतो, शेणकाल्यात मुरवतो आणि रानात मिसळतो. जमीन ओल धरते, आणि धुरातून वर जाणारा बराचसा कार्बन मातीतच राहतो. कागदावर ह्याला बायोचार म्हणतात. गावात नुसता कोळसा.

*

पहिली भट्टी सोलापुरात मेहबूबभाईंनी वेल्डिंग करून दिली. आम्ही दिलेल्या चित्रात खालून बंद असलेली टाकी होती, कारण हवा कमी मिळाली तरच कोळसा होतो. पण आयुष्यभर चुली आणि बंब बनवलेल्या माणसाला ते बघवेना. त्यांनी मायेने खाली दार आणि जाळी बसवली, तीही फुकट. पहिल्याच दिवशी गाडीभर तुराट्यांची पांढरीशुभ्र राख झाली!

मी तक्रार घेऊन गेलो तर भाईच नाराज. "इत्ती अच्छी भट्टी बना को दिया, सब जला को दी. और क्या होना तुमना?"

*

दुसरी भट्टी वळसंगचे शेतकरी सिद्धाप्पा यांच्या शेतात लागली. ती विझवायला दोन पिंपं पाणी लागतं. सिद्धाप्पांच्या पत्नी, महादेवीअक्का, पिंपाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"म्हशीच्या तोंडचं पाणी इस्तवाला पाजतूस व्हय?"

मी संस्थेतल्या सरांना फोन लावायला बाजूला गेलो. परत येतो तर अक्कांनी फावड्याने माती लोटून भट्टी गप्प केलेली. कोळसा उत्तम निघाला. अहवालात मी 'सुधारित पद्धत' असं झोकात लिहिलं. कुणी सुधारली ते लिहिलं नाही, ह्याची आता लाज वाटते.

*

शेण आणि गोमूत्रात कोळसा कालवून झाला की मी एसटीने सोलापूरला परततो. एकदा कंडक्टर जवळ आला, थबकला आणि म्हणाला, "सायेब, जरा मागं बसा की."

मी शेवटच्याच सीटवर होतो.

*

पारावरच्या बैठकीत मी रंगात येऊन सांगितलं, "हा कोळसा मातीत शेकडो वर्षं टिकतो." एक म्हातारबा काठी टेकत पुढे सरकले.

"आमी चौगं भाऊ," ते म्हणाले. "वाटणीत ह्यो कुणाच्या हिश्शाला धरायचा?"

*

आता हा ऐका. सिद्धाप्पांनी रब्बीत अर्धा एकर ज्वारी आम्हाला प्रयोगाला दिली होती. निम्म्यात कोळसा, निम्म्यात नाही, मध्ये दोरी. दोन्हींतला फरक बघून संस्थेच्या पुण्याच्या मॅडम ठरवणार होत्या, भट्टी पुढच्या वर्षी ठेवायची की उचलायची. भट्टी उचलली की माझी नोकरीही उचलली. पीक काढणीला आलं तेव्हा मॅडम स्वतः बघायला आल्या.

मॅडमनी दोरीच्या अलीकडचं कणीस बघितलं, पलीकडचं बघितलं, माती चुरून बघितली. दोन्हीकडे ज्वारी सारखीच, टपोरी.

"ह्यात फरक कुठे आहे?"



"फरक कशानं आसंल?" सिद्धाप्पा शांतपणे म्हणाले. "एका लेकराला वाढायचं आन् दुसऱ्यानं बगत बसायचं, आसं कुटं आसतंय व्हय? मी दोनीकडं टाकलाय की."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, ठीक आहे, शेजारच्या रानाशी तुलना करू.

बांधापलीकडून शेजारी बोलला, "माज्यातबी हाय, मॅडम. अक्कांनी दिला." त्याच्याही पलीकडच्याने लांबूनच हात वर केला.

"मग कोळसा न टाकलेलं रान आहे तरी कुठे?"

सिद्धाप्पांनी डोळ्यांवर हात धरून चहूकडे नजर फिरवली.

"त्याला गाडी काडावी लागंल, मॅडम."