आठशे सत्तावीसपर्यंत

लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस लिफ्टच्या खड्ड्यात पडला आणि मांडीचं हाड मोडून हॉस्पिटलात आला. पायाला वजन टांगलेलं, कुशीवर वळायचीही सोय नाही. समोर एक लोखंडी कपाट, त्यावर पांढऱ्या रंगात आकडा: ७५३३९७. बघायला दुसरं काही नव्हतंच. शाळेत त्याचं गणित बरं होतं, पुढे शिकायचं राहून गेलं. या आकड्याला कशाने तरी पूर्ण भाग जातो, की ही मूळ संख्या आहे, हे शोधायचं त्याने मनावर घेतलं.

दोन आणि पाच सरळच बाद. अंकांची बेरीज चौतीस, म्हणजे तीनही नाही. औषधांची खोकी उलगडून त्यांच्या आतल्या बाजूला तो भागाकार मांडू लागला.

"हाडं जोडायला आलायत की आकडे तोडायला?" बायको म्हणाली, पण येताना नवी पेन्सिल घेऊन आली.

शेजारच्या खाटेवर एक बस ड्रायव्हर होता. मधुमेहापायी त्याच्या उजव्या पायाचा पंजा कापावा लागला होता. तेव्हापासून त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. डबा घेऊन येणाऱ्या मुलीशीही चकार शब्द नाही. एका दुपारी भिंतीकडे तोंड करूनच त्याने विचारलं, "सातने गेला का?"

"नाही. एक उरतो."

"द्या इकडे. अकराचं मी बघतो."

मग लिफ्टवाल्याने भागायचं आणि ड्रायव्हरने गुणून ताळा घ्यायचा, असं ठरलं. आठशे अडुसष्टचा वर्ग या आकड्याच्या वर जात होता. म्हणजे अवयव असलाच, तर एक तरी त्याच्या आत सापडायला हवा. आठशे ओलांडले तरी काही सापडेना. इतके घाव सोसूनही अख्खा राहिलेला तो आकडा लिफ्टवाल्याला आवडू लागला होता.

आठशे सत्तावीसने बाकी शून्य आली. भागाकार नऊशे अकरा.

"चुकलं असेल काहीतरी," लिफ्टवाला म्हणाला.

ड्रायव्हरने पुन्हा गुणून पाहिलं. "नाही हो, तंतोतंत आहे. अगदी काठावर येऊन बुडाला की बिचारा!" आणि तो खो खो हसत सुटला. मुलगी डबा घेऊन दारातच थबकली. तिला जवळ बसवून, नऊशे अकराचे आणखी तुकडे का पडत नाहीत, हे तो समजावत राहिला. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती मान डोलवत होती.

लिफ्टवाला मात्र त्या दिवशी नीट जेवला नाही.

त्याचा पाय जरा आखूडच राहिला. कंपनीने त्याला तक्रारींच्या फोनवर बसवलं. ड्रायव्हर कृत्रिम पंजा लावून डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसतो. दोघं अधूनमधून भेटतात. गणिताचा विषय निघत नाही. कुठला बूट चावत नाही, यावर मात्र तास तास निघून जातो.