अण्णाचा गुडघा आणि मागाचा आवाज

सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या वडगावच्या घरात यंत्रमाग चालतो. त्याच्या आवाजात आम्ही लहानपणापासून हाताच्या खुणांनी बोलतो. आमच्या वडिलांनी, आप्पांनीच, त्या शिकवल्यात.

माझा थोरला भाऊ, अण्णा, इथल्या फुटबॉल संघात डिफेंडर आहे. आज तो मोबाईलवर त्याच्या आवडत्या स्लोव्हेनियन डिफेंडरचा निरोपाचा सामना दाखवत होता.

"सगळं करिअर गोल अडवण्यात गेलं गं ह्याचं. तरी बघ, अख्खं स्टेडियम उभं राहिलंय. माझ्या निरोपाला कोण न्हाय आलं तरी तू ये, दहा वर्षांनी."

मी मोबाईलवरून नजर काढली. अण्णाचा दुखावलेला गुडघा आता खेळण्याजोगा राहिला नाही, असं रिपोर्ट बघून डॉक्टरांनी कालच मला फोनवर सांगितलं होतं; अण्णाला ते अजून माहीत नव्हतं.

"तोंड का फिरवलंस गं?" अण्णानं विचारलं.

तेवढ्यात आप्पांनी माग सुरू केला. अण्णानं गुडघ्यावर हात ठेवून खुणेनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?

मला खोटं बोलता येत नाही. मी दोन बोटं जुळवून झटकन लांब केली. धागा तुटला, अशी ती आमची खूण.

मग बोटं फिरवून त्यानं विचारलं, गाठ मारता येईल?

मी मान हलवून नाही म्हटलं.

माग थांबवून, जवळ बसून सांगायला हवं होतं का हो मी?