त्या हिरव्या किड्याचं नाव कुणाला माहीत हाय का?

पयलेच सांगते, मी असलं काय मानत नाय. शाळा माझी आठवीपर्यंतच, पण भूतबीत, करणीबिरणी... आपल्याला नाय पटत. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

आमी नेरूळला राहतो. सासूबाई मूळच्या इथल्याच, सारसोळे गावच्या. गेल्या रविवारी आमचे हे बोलले, चल, खारघरच्या डोंगरावर जाऊ, घरात बसून फुगलीस. (डिलिव्हरीने फुगले, पण असू दे.) पोरगी स्वरा, आठ महिन्यांची. निघताना सासूबाईंनी तिच्या गालाला काजळाची तीट लावली, चांगली वाटाण्याएवढी. पायथ्याला सेल्फी काढला. मग यांनी पोरीला बेल्टच्या झोळीत पोटाशी घट्ट बांधलं आणि साडेसातला आमी चढायला लागलो.

दुसऱ्या वळणावर मी पाणी प्यायला थांबले आणि बघते तर... पोरीच्या गालावर किडा! हिरवागार, अंगठ्याच्या नखाएवढा, डोळे लाल, मिशा पिसासारख्या. मी किंचाळले. हे बोलतात, "हलू नको, फोटो काढतो." पोरीच्या तोंडावर किडा आणि बापाला फोटो! तोपर्यंत तो आरामात मानेवर आला, झोळीवरून खाली गेला, एका पायातला मोजा पडलेला त्या तळव्यावर जरा बसला... आणि उडाला.

तळव्यावर काळा डाग!

"अहो, चावला! काळं पडलं!"

"अगं, रडत नाहीये ती."

"विषाने सुन्न पडली असेल!"

किड्याचं नाव कळलं तर डॉक्टरला औषध कळेल, म्हणून उतरता उतरता यांनी फोटो ओळखायच्या अ‍ॅपमध्ये फोटो टाकले. अ‍ॅप आधी बोललं नाकतोडा. मग झुरळ. तिसऱ्यांदा बोललं कानातले, आणि खाली दुकानं दाखवली! मी रस्त्यातच रडायला लागले.

खाली येऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी कापसाने तळवा पुसला. डाग कापसावर आला. "ताई, हे काजळ आहे. तीट लावता ना तुम्ही?"

मी गाल बघितला. गाल कोरा. एकदम साफ.

"बाळं पाय तोंडाकडे नेतात. लागलं असेल," डॉक्टर बोलले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पण ती तर झोळीत होती! घरी यांनी तिला परत तशीच बांधली आणि तासभर तिचा पाय गालाला लावायला बघत होते. पोरगी खिदळतेय, यांच्या कंबरेत उसण भरली, पाय काय वर येईना. फोटो बघितले — सेल्फीत गालावर तीट. किडा मानेवर आहे त्या फोटोत गाल साफ. मधे कुठे रेघ नाय, पुसलेलं नाय.

सासूबाई शांतपणे बोलल्या, "मी त गालालाच लावलीवती गो. त्या किड्याला जागा पटली नसंल. तुजेपेक्षा त्यालाच पोरीची कालजी."

आज चौथा दिवस. पोरगी खाते, खेळते. मी दर दहा मिनिटांनी तिचे तळवे बघते, हे मला हसतात. हसू देत. पोरीला कायच झालेलं नाय, ते मलापण दिसतं... पण मग मी नक्की कशाला घाबरायचं, एवढंच कोणीतरी सांगा.